लंडनमध्ये घडलेली अमेरिका

1938 साली रेने ब्रॅबझन रेमंड नावाचा एक इंग्रज कॅन्सस सिटीतल्या गुंडांवर कादंबरी लिहायला बसला, तेव्हा त्याने अमेरिकेत पाऊलही ठेवलेलं नव्हतं. वय एकतीस. आधी त्याने दारोदार हिंडून मुलांचे ज्ञानकोश विकले होते, मग तो पुस्तकांच्या घाऊक व्यापारात शिरला. गिऱ्हाईक काय मागतं हे त्याला रोज दिसत होतं आणि गिऱ्हाईक अमेरिकन टोळ्यांच्या गोष्टी मागत होतं. जेम्स केन या अमेरिकन लेखकाची 1934 सालची 'द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस' त्याने वाचली आणि आपणही असं लिहू शकतो असं त्याच्या मनाने घेतलं. जवळ भांडवल काय, तर अमेरिकेचे नकाशे आणि तिथल्या गुन्हेगारी बोलीचा एक कोश. सहा शनिवार-रविवारांत कादंबरी हातावेगळी झाली, असं सांगतात. 1939 साली ती 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश' या नावाने बाहेर पडली. लेखक म्हणून नाव होतं जेम्स हॅडली चेस.

न पाहिलेल्या अमेरिकेवर थरारकथा लिहिण्याच्या इंग्रजी परंपरेचा मूळपुरुष मात्र चेस नव्हे. त्याच्या आधी एडगर वॉलेस होऊन गेला, पण तो निदान शिकागो पाहून आला होता. 1929 साली त्याने तिथे फेरी मारली, परतल्यावर तिथला कुख्यात गुंड कॅपोन याच्या धर्तीचा टोळीप्रमुख मध्यभागी ठेवून 'ऑन द स्पॉट' हे नाटक लिहिलं, आणि 1930 साली लंडनच्या रंगभूमीवर चार्ल्स लॉटनने ती भूमिका गाजवली. पुढे पीटर चेनीने 1936 साली 'धिस मॅन इज डेंजरस' लिहिली. तिचा नायक लेमी कॉशन हा एफबीआयचा माणूस, आणि तो सगळी हकिकत स्वतःच्या तोंडाने, ठसकेबाज अमेरिकन बोलीत सांगतो. ती बोली खऱ्या अमेरिकेत कोणी बोलत नसे. लंडनच्या वाचकाला त्याने काहीच बिघडत नव्हतं, कारण त्याचीही अमेरिका सिनेमागृहातून आणि 'यँक मॅग्ज'मधूनच आलेली होती. यँक मॅग्ज म्हणजे अमेरिकेत न खपलेली स्वस्त मासिकं. जहाजांचा तोल सांभाळण्यासाठी भरताड म्हणून ती इंग्लंडला येतात, असं तेव्हा बोललं जाई. दुकानात ती काही पेन्सांत मिळत.

अमेरिकाच का, या प्रश्नाचं माझ्या मते खरं उत्तर इंग्लंडमध्येच आहे. त्या काळच्या इंग्रजी रहस्यकथेत खून खेड्यातल्या वाड्यात व्हायचा, संशयित उमराव असायचे, आणि नोकरमाणसांच्या वाट्याला प्रेत पाहून किंचाळण्यापलीकडे फारसं काही यायचं नाही. इंग्रज पात्राने तोंड उघडलं की दोन वाक्यांत त्याची शाळा, त्याचं घराणं, त्याची पायरी कळते. अमेरिकन बोली घेतली की ही पायरीच नाहीशी होते. चेनी व्हाइटचॅपलमध्ये जन्मलेला, आणि त्याचा लेमी कॉशन बड्या लोकांशीही बरोबरीने बोलतो. लंडनच्या कारकुनाला, कामगाराला असा नायक आपल्या भाषेत मिळत नव्हता. म्हणून या कादंबऱ्यांना नुसती नक्कल म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही.

चेसची कारागिरी जवळून पाहण्यासारखी आहे. त्याच्या कादंबरीत झाडं, हवामान, शहराचा इतिहास यांना जवळपास जागाच नाही. रस्त्याकडेचं खानावळीवजा हॉटेल, पेट्रोल पंप, एक क्लब, कुलूपबंद खोली आणि मोटार एवढ्या सामानावर गोष्ट पळते. खोलीत कोण कुठे उभा आहे, हात कुठे आहे, टेबलावर काय आहे, हे चोख सांगितलेलं असतं. एका गावाहून दुसऱ्या गावी जायला किती वेळ लागेल हे नकाशा सांगतो, गुंड एकमेकांना काय म्हणतील हे कोश सांगतो. माहिती तोकडी होती, म्हणून त्याने वर्णन छाटलं, आणि त्या छाटणीनेच वेग आला. मिस ब्लँडिशमधल्या ग्रिसन टोळीची सूत्रं हलवणारी म्हातारी आई त्याने वर्तमानपत्रांत गाजलेल्या मा बार्कर या गुंडांच्या आईवरून उचलली असावी, असं सर्रास मानलं जातं. पुढे तर त्याने फ्लॉरिडात 'पॅराडाइज सिटी' नावाचं आख्खं शहर कल्पनेनेच वसवलं आणि कित्येक कादंबऱ्या तिथे घडवल्या. तिथला रस्ता चुकला म्हणायला कोणता अमेरिकन येणार?

1940 साली लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा मिस ब्लँडिशची मागणी शिगेला होती. जॉर्ज ऑर्वेलने 1944 साली या कादंबरीवर सविस्तर निबंध लिहिला. लेखक मनाने पुरता अमेरिकन झाला आहे, हे त्याने ओळखलं, गोष्ट सांगण्याचं कसबही मान्य केलं. पण या कथेत चांगलं-वाईट उरतच नाही, उरते फक्त ताकद, आणि ताकदीची ही पूजा फॅसिझमच्या जवळची आहे, हे त्याचं म्हणणं आजही अंगावर येतं. त्या कादंबरीतला एका मुलीचा छळ वाचताना ऑर्वेलचं बोलणं खोडून काढणं मला जमत नाही. कायद्यानेही चेसला गाठलं: 'मिस कॅलहन कम्स टू ग्रीफ'बद्दल 1942 साली अश्लीलतेचा खटला होऊन दंड बसला. रेमंड चँडलर या अमेरिकन रहस्यकथाकाराचा मजकूर उचलल्याबद्दल जाहीर माफी मागावी लागली, ती वेगळी. आणि चँडलर कोण? शिकागोत जन्मून इंग्लंडच्या डलिच कॉलेजात शिकलेला. अमेरिकन बोली आपण परक्या भाषेसारखी शिकलो, असं तोही सांगत असे.

युद्धात अमेरिकन मासिकांची आयात आटली आणि लंडनमधल्या छोट्या प्रकाशकांनी ती जागा घेतली. लॅम्बेथच्या गरिबीतून आलेल्या स्टीफन फ्रान्सिसने 1946 साली हँक जॅन्सन हा शिकागोचा बातमीदार उभा केला. लेखकाचं नाव तेच, नायकाचंही तेच. लाखो प्रती खपल्या, आणि 1954 साली त्याचे प्रकाशक अश्लीलतेपायी तुरुंगात गेले.

1945 साली पॅरिसच्या गॅलिमार प्रकाशनाने 'सेरी न्वार' ही मालिका सुरू केली, आणि अमेरिकन ढंगाच्या काळ्या कथांची मालिका म्हणून ती जगभर नावाजली. तिचं पहिलं आणि दुसरं पुस्तक चेनीचं, तिसरं मिस ब्लँडिश. म्हणजे फ्रेंचांनी ज्या अमेरिकेवर जीव टाकला तिचा आरंभ लंडनमध्ये झालेला होता. आपल्याकडेही तेच घडलं. रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर आणि फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत चेस हमखास असायचा, आणि तो अमेरिकनच असणार असं कित्येक वाचक धरून चालायचे.

ही परंपरा अजून थांबलेली नाही. कॉव्हेंट्रीत जन्मलेल्या जिम ग्रँटची ग्रॅनाडा टेलिव्हिजनमधली नोकरी 1995 साली गेली. त्याने कागद-पेन्सिल आणली आणि ली चाइल्ड या नावाने 'किलिंग फ्लोअर' लिहिली. ती 1997 साली आली. जॉर्जिया राज्यातलं मारग्रेव्ह हे तिच्यातलं गाव काल्पनिकच. अमेरिकेत राहायला तो गेला त्यानंतर, 1998 साली. बर्मिंगहॅमच्या आर. जे. एलरीला मात्र संपादकांनी बराच काळ दारात उभं केलं नाही. 1987 ते 1993 या काळात त्याने बावीस कादंबऱ्या लिहिल्या, आणि इंग्रजाने अमेरिकेवर लिहिलेलं कोण वाचणार, असं त्याला ऐकवलं गेलं. त्याची पहिली कादंबरी छापून यायला 2003 साल उजाडलं. तिचं नाव 'कॅन्डलमॉथ', आणि ती घडते दक्षिण कॅरोलायनाच्या तुरुंगात, मृत्युदंडाची वाट पाहणाऱ्या कैद्याच्या कोठडीत.