लॉटरीचं लायसन्स आणि गुटख्याची पुडी

ट्रॉम्बेतल्या टपऱ्या बघून मला प्रश्न पडतो: पोरांना तंबाखू विकणाऱ्या दुकानदाराचं नेमकं काय जातं?

गुटखाबंदी आपल्याकडे 2002 मध्ये आली, सुप्रीम कोर्टाने ती 2004 मध्ये उडवली, मग 2012 मध्ये ती अन्नसुरक्षा कायद्याखाली परत आली. सिगारेटचं वेगळंच. 2003 चा केंद्रीय कायदा सांगतो, अठराच्या आतल्या मुलाला विकली तर दंड जास्तीत जास्त 200 रुपये. बस्स!

न्यूयॉर्क राज्यात हेच वारंवार केलं, तर तंबाखूविक्रीच्या नोंदणीबरोबर लॉटरीचं लायसन्सही निलंबित होतं. मला वाटतं, खरी धास्ती तिथेच आहे. आपली राज्य लॉटरी 1969 पासून चालू आहे, पण 2003 च्या कायद्यात लॉटरीचा शब्दही नाही.