वाद्यांचा आवाज आणि वादकांचें नांव

कीर्ति ही मोठी लहरी देवता आहे, असें म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ज्यास ती प्रसन्न झाली त्याचें दैव थोर, आणि ज्याच्याकडे तिनें पाठ फिरविली त्यानें आपल्या कपाळास बोल लावावा, एवढ्यावर बहुधा हा विषय संपतो. कवि आणि नट यांच्याविषयीं हें खरें असेल वा नसेल. परंतु जे लोक एकत्र बसून वाद्यें वाजवितात, त्यांच्या बाबतींत तरी कीर्तीच्या येण्याजाण्याच्या वाटा बऱ्याच स्पष्ट दिसतात. एखाद्या गांवचा ताफा परगांवीं कसा ओळखला जातो, त्याचें वादन लाखों लोकांच्या कानीं कसें पडतें, आणि इतकें होऊनही त्यांतील माणसांचीं नांवें कोणास ठाऊक कां नसतात, याचें एक उदाहरण आपल्या अगदीं शेजारचें आहे. तें म्हणजे गोव्याहून मुंबईस आलेल्या वादकांचें.

१९७७ सालीं ‘अमर अकबर अँथनी’ हा चित्रपट पडद्यावर आला. त्यांतील एका गाण्यांत नायक आपलें नांव अँथनी गोन्साल्व्हिस असें सांगतो. तें गाणें पोराठोरांच्या तोंडीं झालें. परंतु हें नांव एका जिवंत माणसाचें आहे, हें गाणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक होतें. अँथनी गोन्साल्व्हिस हे १९२७ सालीं गोव्यांतील माजोर्डा या गांवीं जन्मले. मुंबईच्या चित्रपटसृष्टींत व्हायोलिनवादक आणि वाद्यरचनाकार म्हणून त्यांनीं वर्षानुवर्षें काम केलें. त्या चित्रपटाचे संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल; त्यांपैकीं प्यारेलाल हे गोन्साल्व्हिस यांचे शिष्य. शिष्यानें गुरूचें नांव गाण्यांत गुंफून गुरुदक्षिणा दिली. पण यांतील विलक्षण प्रकार पाहा. या मनुष्याचें व्हायोलिन देशानें ऐकलें होतें आणि पुढें त्याचें नांवही देश गाऊं लागला. तरी त्या आवाजाची आणि त्या नांवाची गांठ लोकांच्या मनांत पडली नाहीं.

असें कां व्हावें, हें समजण्यास गोव्याच्या चर्चच्या अंगणापर्यंत मागें जावें लागतें. पोर्तुगीज अमलांत, सोळाव्या शतकापासून, तेथें चर्चला जोडून शाळा उभ्या राहिल्या. त्यांत धर्मशिक्षणाबरोबर गाणें, स्वरलेखन वाचणें आणि व्हायोलिनसारखीं वाद्यें वाजविणें शिकविलें जाई. हेतु कलावंत घडविण्याचा नव्हता. रविवारची उपासना नीट व्हावी आणि सणास गाणारीं-वाजविणारीं मुलें हाताशीं असावींत, इतकाच होता. कागदावरचे स्वर तोंडानें म्हणतां आल्यावांचून मुलाच्या हातीं वाद्य द्यावयाचें नाहीं, अशी तेथील शिक्षकांची शिस्त असे. या शिस्तीचा परिणाम मात्र हेतूच्या पलीकडे गेला. सामान्य स्थितींतील घरचा मुलगाही लिहिलेलें संगीत पुस्तकाप्रमाणें वाचूं लागला, आणि गांवच्या फेस्तास किंवा लग्नास लागणारा ताफा गांवांतच तयार होऊं लागला.

आपल्याकडील गायनविद्या गुरूच्या मुखांतून शिष्याच्या कानांत उतरे. बारा बारा वर्षांच्या तपश्चर्येनंतर ती एका मनुष्यास मोठें करी. गोव्याच्या चर्चमधील विद्येचा स्वभाव याहून निराळा. ती अनेकांस एकत्र बसवी. प्रत्येकापुढें निराळा कागद ठेवी, आणि सर्वांचे मिळून एक गाणें करी. हिच्यांत गुण कोणता आणि उणेपणा कोणता, हे दोन्ही पुढें मुंबईंत दिसून आले.

गोव्यांत पोटापुरतें काम नव्हतें. म्हणून आचारी, खलाशी, शिंपी यांच्याबरोबर वादकही बाहेर पडले. पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, आगबोटी आणि मूकपटांचीं थिएटरें या ठिकाणीं त्यांना जागा मिळाल्या. मुंबईंत धोबीतलाव आणि माझगांव या भागांत गोव्याच्या एकेका गांवानें आपल्या लोकांसाठीं ‘कूड’ चालविली होती. अल्प भाड्यांत अंथरुणापुरती जागा, एक पेटी ठेवण्याची सोय आणि भिंतीशीं देवघर, एवढाच तिचा थाट. पण नव्या वादकास कोणत्या हॉटेलांत ट्रंपेट वाजविणारा हवा आहे, कोणता बँड उन्हाळ्यांत थंड हवेच्या ठिकाणीं जाणार आहे, ही वार्ता येथेंच कळे. ताफ्याच्या प्रसिद्धीची ही पहिली पायरी. तिच्यांत जाहिरात नाहीं, वर्तमानपत्र नाहीं. एका वादकानें दुसऱ्याविषयीं काढलेला चांगला शब्द आहे. तो शब्द मिळविण्यास मात्र त्या दुसऱ्याच्या शेजारीं बसून बिनचूक वाजवावें लागे.

दुसरी पायरी १९३५ सालीं आली. त्या वर्षीं लिऑन ॲबी हा अमेरिकेंतील कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. त्याच्यामागून टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आला. हे लोक जें वाजवीत, तें सारें कागदावर लिहिलेलें नसे. वाजवितां वाजवितांच तें नवें होई. गोव्याच्या तरुणांस कागद वाचतां येत होता. कागद सोडून कसें वाजवावें, हें ते आतां या पाहुण्यांच्या संगतींत शिकले. फ्रँक फर्नांड यांच्यासारखे ट्रंपेटवादक याच काळांत तयार झाले. आल्डोना गांवच्या आंतोनियु झेवियर वाझ यांनीं स्वतःचा बँड उभारून मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत इतकें नांव मिळविलें कीं, लोक त्यांस हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणूं लागले. मात्र हें नांव वाझ यांचें नव्हतें. तें ‘चिक चॉकलेट’ यांचें होतें. तसेंच मडगांवच्या बोर्डा भागांतील पेरेरा हे पुढें ‘क्रिस पेरी’ झाले. हॉटेलच्या दिवाणखान्यांत परदेशी वाटणाऱ्या नांवास मान होता. आल्डोन्याच्या वाझास नव्हता. प्रसिद्धीच्या या दारांतून आंत शिरतांना घरचें नांव उंबऱ्याबाहेर ठेवावें लागे.

यानंतर तिसरी पायरी, चित्रपटाची. १९३१ सालीं ‘आलम आरा’ बोलूं लागला आणि दहा-पंधरा वर्षांत गाण्यामागें मोठा वाद्यवृंद असणें ही चाल पडली. संगीतकारांपैकीं पुष्कळजण पेटीवर चाल बांधीत. पण तीस-चाळीस वादकांस एकाच वेळीं काय वाजवावयाचें, हें सांगण्यास लिहिण्याची विद्या पाहिजे. ती गोव्याच्या लोकांपाशीं होती. संगीतकारानें चाल गाऊन दाखवावी. वाद्यरचनाकारानें ती कागदावर उतरून घ्यावी, तिच्याखालीं स्वरांची जोड द्यावी, दोन कडव्यांमधली मोकळी जागा व्हायोलिनांनीं आणि ट्रंपेटांनीं भरावी, आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशीं प्रत्येकापुढें त्याचा त्याचा कागद ठेवावा, असा हा उद्योग चाले. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलांत बँड चालविणारे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईस आले आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यरचनाकार झाले. चिक चॉकलेट हे आपल्या सी. रामचंद्रांचे, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकरांचे, साहाय्यक झाले. पुढें १९५० च्या सुमारास मुंबई राज्यांत दारूबंदी आली. रात्रीच्या हॉटेलांची मिळकत घटली आणि बँडवाल्यांना स्टूडिओची वाट अधिकच जवळची झाली.

अशा रीतीनें मडगांव-म्हापशाकडील वादक काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत रेडिओवर ऐकूं येऊं लागले. याहून अधिक प्रसिद्धि ती काय असावी? परंतु वाचकहो, प्रसिद्ध झाला तो आवाज, माणूस नव्हे. पडद्यावर संगीतकाराचें नांव येई, पुढें पुढें तबकड्यांवर गायकाचेंही येऊं लागलें; वाद्यरचनाकाराचें क्वचित्, आणि व्हायोलिन वाजविणाऱ्याचें जवळजवळ कधींच नाहीं. ध्वनिमुद्रण संपलें कीं त्यानें आपला मेहनताना घ्यावा आणि वाद्य पेटींत घालून दुसऱ्या स्टूडिओकडे चालूं लागावें. आपण वाजविलेलें गाणें कोणत्या चित्रपटांतील होतें, हें कित्येकदां त्यालाही ठाऊक नसे.

यावर कोणी म्हणेल कीं, साथीदारांच्या नशिबीं हें असावयाचेंच. पण आपल्याच रंगभूमीचा इतिहास तसें सांगत नाहीं. गंधर्व नाटक मंडळींत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते. हीं नांवें बालगंधर्वांच्या चाहत्यांस पाठ होतीं, आणि त्यांच्या आठवणी सांगणारे वृद्ध अजून परवांपर्यंत आपल्या घराघरांत होते. तेही साथीदारच होते. मग फरक कोठें पडला? माझ्या मतें फरक बसण्याच्या जागेंत आहे. थिरकवा प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढें बसत. बालगंधर्व एखादी जागा घेऊन समेवर आले कीं दाद दोघांस मिळून जाई. स्टूडिओंतला वादक भिंतीपलीकडे होता. त्याच्यासमोर श्रोता नव्हता, फक्त ध्वनिग्राहक यंत्र होतें. यंत्र आवाज घेतें, चेहरा घेत नाहीं. ज्या विद्येनें चाळीस जणांस एका जिवानें वाजविण्यास शिकविलें, त्याच विद्येमुळें चाळिसांतील एक कोणता, हें विचारण्याचें कारण श्रोत्यास उरलें नाहीं. तिचा गुण आणि तिचा उणेपणा एकच होता.

हें ज्यांच्या लक्षांत आलें, त्यांनीं तीन प्रकारें त्यावर उपाय करून पाहिला. पहिला उपाय पडद्यावर स्वतः दिसण्याचा. १९५१ सालच्या ‘अलबेला’ या भगवानदादांच्या चित्रपटांत चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक गाण्यांत प्रत्यक्ष दिसतात. आज सत्तरांहून अधिक वर्षांनीं त्यांच्या बँडचें रूप आपणांस पाहावयास सांपडतें, तें या थोड्या क्षणांमुळें.

दुसरा उपाय याहून धाडसाचा होता, आणि तो गोन्साल्व्हिस यांनीं केला. १९५८ सालीं त्यांनीं ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ हा वाद्यवृंद उभारला आणि सेंट झेवियर्स कॉलेजांत त्याचा जलसा केला. हिंदुस्थानी रागांवर स्वतः लिहिलेल्या रचना त्यांनीं पाश्चात्य पद्धतीच्या मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजविल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गायले. भिंतीपलीकडचे लोक त्या दिवशीं श्रोत्यांसमोर येऊन बसले, आणि दुसऱ्याच्या चालीस साज चढविणारा मनुष्य स्वतःच्या नांवानें उभा राहिला. पण एवढ्या माणसांचा खर्च चालविण्यास दरबार नव्हता, आणि तिकीट काढून असलें संगीत नियमानें ऐकणारा वर्गही तयार झालेला नव्हता. १९६५ च्या सुमारास गोन्साल्व्हिस अमेरिकेस गेले. परतल्यावर चित्रपटांकडे न वळतां आपल्या माजोर्ड्यास जाऊन राहिले, आणि २०१२ च्या जानेवारींत गोव्यांतच वारले. त्यांच्या नांवाचें गाणें वाजत असतां ते स्वतः आपल्या गांवीं शांतपणें राहत होते, हा योगायोग हंसावयाचा कीं हळहळावयाचा, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

तिसरा उपाय घरीं परतण्याचा. क्रिस पेरी यांनीं मुंबईच्या हॉटेलांत जें शिकून घेतलें, तें कोंकणी गाण्यांत ओतलें, आणि लोर्ना या गायिकेच्या कंठांतून तें गोव्याच्या घराघरांत गेलें. हें संगीत दुसऱ्या कोणाच्या चालीची साथ नव्हतें. तें पेरींचें होतें आणि त्यांच्याच नांवानें ओळखलें गेलें. त्यांचा श्रोतृवर्ग हिंदी चित्रपटाच्या मानानें लहान. पण त्या वर्गाची आठवण किती लांब! २०१४ सालीं ‘नाचुंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट त्याच गाण्यांवर उभा राहिला. देशभर ऐकूं येणारे आणि निनांवी राहिलेले वादक एकीकडे, आणि आपल्या भाषेपुरते ऐकूं येऊन नांवानें स्मरले जाणारे पेरी एकीकडे, अशी तुलना केली तर मोठ्या प्रसिद्धीपेक्षां जवळची ओळख अधिक टिकते, असें म्हणणें भाग पडतें.

पुढें वाद्यवृंदाचेंच दिवस फिरले. एकच मनुष्य एका यंत्रावर बोटें ठेवून वीस व्हायोलिनांचा आभास उत्पन्न करूं लागला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ते चाळीस-पन्नास जणांचे बैठे ताफे स्टूडिओंतून नाहींसे झाले. ते नाहींसे होऊं लागल्यावर त्यांचीं नांवें विचारणारे लोक निघाले. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकानें वृद्ध वादकांच्या घरीं जाऊन त्यांच्या हकीकती लिहून घेतल्या आणि २००८ सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. नरेश फर्नांडिस यांनीं मुंबईच्या जॅझ बँडांचा इतिहास लिहिला. या ग्रंथांमुळें कित्येकांस त्यांचें नांव परत मिळालें. पण तें ऐकावयास सारे जण उरले नव्हते.

या सर्व हकीकतीवरून गांवोगांवच्या होतकरू ताफ्यांनीं काय घ्यावें, हें आतां उघड आहे. शिस्तीचें शिक्षण असल्यावांचून कोणतेंही दार उघडत नाहीं. सोबत्यांचा चांगला शब्द हीच पहिली शिफारस. आणि दुसऱ्याचें वाजवून पोट भरत असतांही थोडें तरी स्वतःचें, स्वतःच्या भाषेंत, श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें बसून वाजवीत राहिलें पाहिजे. परंतु उपदेश केवळ वादकांनाच करणें न्यायाचें होणार नाहीं. नांव हें मिळवावयाचें असतें तसेंच तें द्यावयाचेंही असतें, आणि देणें श्रोत्यांच्या हातीं आहे. आपल्या गणेशोत्सवांत, शाळेच्या संमेलनांत, लग्नकार्यांत कोणीतरी वाजवीत असतें. अध्यक्ष, देणगीदार आणि मंडप घालणारा यांचीं नांवें आपण पत्रिकेवर अगत्यानें छापतों. लग्नांतल्या ढोलावरसुद्धां बँडच्या मालकाचें नांव रंगविलेलें असतें. वाजविणाऱ्या दहा जणांचीं नांवें छापावयास दहाच ओळी लागतील. माजोर्ड्याच्या त्या गृहस्थाचें नांव कळावयास आपणांस एका शिष्याची आणि एका गाण्याची वाट पाहावी लागली, तशी पाळी निदान आपल्या गांवच्या वादकांवर येऊं नये.