ओट्यावरची यंत्रे : खरेदीपूर्वी घरात काय पाहावे

साडेतीन मुहूर्तांपैकी एखादा जवळ आला, की वृत्तपत्रांची पाने फ्रिज, मिक्सर आणि मायक्रोवेव्हच्या जाहिरातींनी भरून जातात. जुने द्या, नवे घ्या; हप्त्यावर व्याज नाही; एका वस्तूवर दुसरी मोफत. दुकानात शिरताना मनात एक आकडा असतो आणि बाहेर पडताना हातातील पावतीवर त्याहून बराच मोठा. वास्तविक स्वयंपाकघरातील उपकरण हे किमान आठ-दहा वर्षांसाठी घरात येते, रोज वापरले जाते आणि बिघडले तर संपूर्ण घराची घडी विस्कटते. तरीही त्याची निवड बहुधा पंधरा मिनिटांत आणि विक्रेत्याच्या शब्दावर होते.

आमच्याच घरचे उदाहरण घेता येईल. डोंबिवलीतील आमची इमारत तीस वर्षांची. काही वर्षांपूर्वी पाडव्याला कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह घरी आला. त्याची जाड पिनांची प्लग ओट्याजवळच्या सॉकेटमध्ये बसेना. जोडणीसाठी आलेल्या मुलाने खिशातून एक छोटा कन्व्हर्टर काढला, प्लग बसवली आणि सही घेऊन निघून गेला. तीन आठवड्यांनी केक भाजत असताना आईला प्लास्टिक जळल्याचा वास आला. सॉकेट वितळून काळे पडले होते आणि भिंतीतील तारेचे आवरण वीतभर करपले होते. मायक्रोवेव्हमध्ये कोणताही दोष नव्हता. दोष आमच्या निवडीच्या क्रमात होता. यंत्र आधी ठरले आणि ते जेथे चालायचे ती जागा नंतर पाहिली गेली.

म्हणून दुकानाआधी स्विचबोर्ड पाहावा. जुन्या घरांतून ओट्याजवळ साधारणपणे ६ अँपिअरची एक-दोन सॉकेट्स असतात. २३० व्होल्टच्या हिशेबाने अशा सॉकेटवर जेमतेम १३८० वॉटचा भार टाकता येतो. मिक्सर ५०० ते ७५० वॉटचा असतो. त्याला ते पुरते. फ्रिजलाही पुरते. इंडक्शन शेगडी मात्र पूर्ण आचेवर १८०० ते २१०० वॉट घेते, कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह दोन हजारांच्या पुढे जातो आणि विजेची किटली दीड हजारांच्या आसपास. या तिन्हींना १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट आणि त्याला साजेशी जाड तार हवी. मोठी पिन लहान भोकात बसवणारा कन्व्हर्टर ही सोय नव्हे. त्याने केवळ प्लग बसते, तारेची क्षमता वाढत नाही. एकाच बोर्डावर किटली आणि इंडक्शन एकदम चालवणे हेही तितकेच धोक्याचे. घरातील मुख्य बोर्डावर गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी बसवलेले आहे का, हे वायरमनकडून याच वेळी तपासून घ्यावे. ओट्यावर पाणी आणि वीज शेजारी-शेजारी नांदत असतात.

मिक्सर : भांडे आधी, वॉट नंतर

मराठी घरात सर्वाधिक राबणारे विजेचे यंत्र कोणते, असे विचारले तर उत्तर मिक्सर हेच येईल. भारतीय मिक्सरचा जन्मही एका घरगुती अडचणीतूनच झाला. साठच्या दशकात सिमेन्समध्ये अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांचा परदेशी बनावटीचा मिक्सर आपल्याकडच्या वाटणापुढे टिकला नाही. तिकडचे यंत्र फळांचा रस आणि सूप यांसाठी बनलेले. भिजलेली डाळ, सुके खोबरे, हळकुंड यांसाठी नव्हे. त्यातून माथुर यांनी जो अधिक ताकदीचा मिक्सर घडवला, तो पुढे ‘सुमीत’ या नावाने देशभर पोहोचला. पुढे कित्येक वर्षे अनेक घरांत मिक्सरला सुमीतच म्हटले जाई.

आज दुकानदार पहिल्याप्रथम वॉट सांगतो. ५०० घ्या, नाही तर ७५० घ्या. एक हजारही आहे. रोजची चटणी, ओल्या नारळाचे वाटण, दाण्याचे कूट, ताक एवढ्यासाठी ५०० ते ५५० वॉट पुरेसे आहेत. आठवड्याला इडली-डोशाचे पीठ, घरचा गोडा मसाला, सुके खोबरे असे जड काम असेल तर ७५० घ्यावा. त्यापुढच्या आकड्यांचा उपयोग चौकोनी कुटुंबाला फारसा होत नाही, आवाज मात्र वाढतो. माहितीपत्रकात ‘३० मिनिटे रेटिंग’ असे लिहिलेले आढळते. याचा अर्थ सलग अर्धा तास चालवावा असा नव्हे. पाच मिनिटे चालवणे, दोन-तीन मिनिटे थांबवणे, अशा फेऱ्यांतून तो काळ मोजायचा असतो. ताण वाढून मिक्सर अचानक बंद पडला, तर तो जळाला असे मानून लगेच दुरुस्तीला नेऊ नये. बुडाशी एक लहान लाल बटण असते. भांडे काढून, थोडा वेळ थांबून ते दाबले की बहुतेक वेळा यंत्र पुन्हा सुरू होते.

वॉटपेक्षा महत्त्वाची बाब म्हणजे भांडी. तीन-चार भांड्यांच्या संचात रोज हाताशी येते ते सर्वात लहान, चटणीचे. चार मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर त्यात वाटली जाते, की पात्यांखालीच फिरत राहते, हे दुकानात कळत नाही. पण पाती बुडापासून किती उंच आहेत ते बोट लावून पाहता येते. पाती तळाला जितकी जवळ, तितके थोडे वाटण चांगले होते. झाकण एका हाताने घट्ट बसते का, रबरी कडे धुण्यासाठी सुटे निघते का, दांडा पकडताना बोटे भांड्याला टेकतात का, हे सारे तिथेच पाहावे. मोठ्या भांड्यावर छापलेली दीड लिटरची क्षमता काठोकाठ धरलेली असू शकते. वापरताना तितके कधीच भरता येत नाही.

आता हमीविषयी. ‘मोटरवर पाच वर्षे’ ही ओळ मोठ्या अक्षरात असते. अनुभव असा, की मोटर क्वचितच जाते. जातो तो भांड्याखालचा कपलर, भांड्यातील बुश, वेग बदलणारा खटका आणि मोटरमधील कार्बन ब्रश. कपलर तर झिजण्यासाठीच असतो. पाते अडकले तर मोटर वाचवण्यासाठी त्याने तुटावे अशीच योजना असते. पण या सुट्या भागांना पाच वर्षांची हमी बहुधा लागू नसते. त्यामुळे आपल्या गल्लीतील किंवा स्टेशनजवळील दुरुस्तीच्या दुकानात त्या बनावटीचे कपलर आणि बुश मिळतात का, ही चौकशी खरेदीपूर्वी करावी. पन्नास-शंभर रुपयांच्या भागासाठी चार हजारांचा मिक्सर माळ्यावर गेल्याची उदाहरणे प्रत्येकाच्या नात्यात सापडतील.

इडलीचे पीठ मिक्सरमध्ये होते, पण पाती मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेत असल्याने ते तापते आणि नीट फुगत नाही. थंड पाणी वापरून, थांबत-थांबत वाटल्यास फरक पडतो. आठवड्यातून दोनदा पीठ लागणाऱ्या घराने दगडी वाट्यांचा वेट ग्राइंडर घेण्यास हरकत नाही. त्याचे माहेर कोइमतूर. ‘कोइमतूर वेट ग्राइंडर’ला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण तो जड असतो, धुणे कष्टाचे असते आणि ओट्याची कायमची जागा अडवतो. महिन्यातून एकदा इडली करणाऱ्यांनी त्याच्या मोहात पडू नये.

फ्रिज आणि तारे

फ्रिज घेताना पहिले माप लिटरचे नसून दाराचे असते. लिफ्ट, जिन्याचे वळण, स्वयंपाकघराची चौकट आणि फ्रिजचे दार पूर्ण उघडण्यास लागणारी जागा, ही चारही मापे कागदावर लिहून न्यावीत. मुंबईच्या कित्येक घरांत फ्रिज दिवाणखान्यात ठाण मांडून बसलेला दिसतो, त्याचे कारण हेच. मागे आणि बाजूला चार-सहा इंच हवा खेळती राहिली पाहिजे. कपाटात घट्ट बसवलेला फ्रिज अधिक वीज खातो.

दोन-तीन माणसांच्या घरात रोज भाजी आणली जात असेल, तर दोनशे लिटरच्या आतला एकदारी डायरेक्ट कूल फ्रिज पुरतो. त्यात बर्फ साचतो आणि तो अधूनमधून वितळवावा लागतो, पण किंमत कमी आणि दुरुस्ती सोपी. चार-पाच माणसे, आठवड्याचा बाजार आणि डब्यांची गर्दी असेल तर अडीचशे ते तीनशे लिटरचा फ्रॉस्ट फ्री बरा.

विजेच्या बचतीचे तारे देणारी योजना ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २००६ मध्ये सुरू केली आणि फ्रॉस्ट फ्री फ्रिजसाठी ती २०१० पासून सक्तीची झाली. ग्राहक तारे मोजतो; खरे वाचायचे असते ते लेबलवरील दोन बाबींकडे पाहून. एक, वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडा. दुसरी, लेबलचा कालावधी. निकष ठरावीक काळाने कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचे पाच तारे नव्या लेबलच्या चार किंवा तीन ताऱ्यांइतकेच भरू शकतात. सवलतीत निघालेला जुना माल याच फटीतून खपतो. हिशेब साधा आहे. समजा, दोन फ्रिजमध्ये वर्षाला ६० युनिटांचा फरक आहे आणि करांसह युनिटला दहा रुपये पडतात. म्हणजे वर्षाची बचत ६०० रुपये. जास्त ताऱ्यांच्या फ्रिजसाठी तीन हजार रुपये अधिक मोजले, तर ते पाच वर्षांत वसूल होतात. सात हजार मोजले, तर जवळजवळ बारा वर्षे लागतील. असा गुणाकार दुकानातच करावा.

शेगडीबाबत मात्र काटकसर नको. आयएसआय चिन्ह असलेलीच घ्यावी, आणि घरात पाइपचा गॅस असेल तर तसे आधी सांगावे. सिलिंडरच्या आणि पाइपच्या गॅसला शेगडीतील नॉझल वेगवेगळे लागतात. ते न बदलता सिलिंडरची शेगडी पाइपला जोडली तर ज्योत मरगळते. उलट केले तर पिवळी, काजळी धरणारी आणि धोकादायक ज्योत उसळते. काचेची शेगडी देखणी दिसते, पण तापलेल्या काचेवर गार पाणी सांडणाऱ्या घराने स्टीलचीच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. सिलिंडरची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. नवी शेगडी आणताना तिच्यावरील तारीखही पाहून घ्यावी.

इंडक्शन ही गॅसला जोड म्हणून उत्तम. दूध, चहा, भात, कुकर यांत वेळ वाचतो आणि स्वयंपाकघर तापत नाही. मात्र बुडाला लोहचुंबक चिकटेल अशीच सपाट भांडी त्यावर चालतात. तांबे, पितळ, साधे ॲल्युमिनियम चालत नाही. आजीची गोल बुडाची कढई तर नाहीच. भाकरी फुगवणे, वांगे भाजणे, पापड भाजणे ही कामे ज्योतीचीच आहेत. फ्रिजवरचे एखादे चुंबक घेऊन घरातील भांडी एकदा तपासावीत. निम्मी भांडी नापास झाली, तर शेगडीच्या किमतीत नव्या भांड्यांची किंमतही धरावी लागेल.

मायक्रोवेव्ह कशासाठी हवा, हे घरातील सर्वांनी बसून ठरवावे. केवळ अन्न गरम करायचे असेल तर वीस लिटरचा सोलो पुरेसा आहे. केक-नानकटाई खरोखर होणार असेल तरच कन्व्हेक्शन. पुष्कळ घरांत त्याचा उपयोग पाव ठेवण्याची पेटी म्हणून होतो.

चिमणीच्या जाहिरातीतील हवा ओढण्याचा आकडा हा मोकळ्या हवेतील असतो. दहा बाय आठ फुटांच्या, नऊ फूट उंचीच्या स्वयंपाकघरात सुमारे वीस घनमीटर हवा मावते. तासाला बारा वेळा ती बदलायची म्हटले तरी अडीचशे घनमीटर पुरतात. नळीची वळणे आणि तेलाने चोंदणारी जाळी यांसाठी दुप्पट-तिप्पट धरावे. नळी आखूड आणि सरळ असणे अधिक मोलाचे. बाहेर नळी न काढता चालणारी चिमणी वास कमी करते, उष्णता आणि वाफ घरातच ठेवते. बाह्य भिंतीला भोक पाडण्यापूर्वी सोसायटीची परवानगी घ्यावी.

पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात सर्वाधिक पैसा वाया जातो. विक्रेता टीडीएस मोजून घाबरवतो आणि आरओ गळ्यात बांधतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे विरघळलेले क्षार स्वीकारार्ह आहेत. मुंबई आणि पुण्याला नळाने येणारे तलाव-धरणांचे पाणी मुळातच गोडे. त्यात हे प्रमाण या मर्यादेच्या बरेच खाली असते. तेथे यूव्ही किंवा गाळणीचे यंत्र पुरते. आरओ मिळालेल्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी मोरीत सोडतो. पाचशेपेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी आणण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला दिला होता, तो याच नासाडीमुळे. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या वसाहतींचा प्रश्न वेगळा. तेथे पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून मगच निर्णय घ्यावा.

खरेदी झाल्यावर पावतीवर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा, हमीपत्रावर दुकानाचा शिक्का घ्यावा. तक्रार निघालीच तर प्रथम दुकानदार आणि कंपनीकडे लेखी मांडावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही दाद मागता येते, मग वस्तू कोणत्याही शहरातून किंवा संकेतस्थळावरून घेतलेली असो. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पावती मात्र वाचता आली पाहिजे. आजकाल दुकानांतून मिळणाऱ्या गुळगुळीत कागदावरील छपाई काही महिन्यांत पुसट होते, म्हणून तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढून हमीपत्राला टाचून ठेवावी.