कलम आणि तळटीप

सत्तेला शब्दाचे भय वाटावे ही काही आजची गोष्ट नव्हे. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या राजवटीत देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. त्यान्वये मॅजिस्ट्रेट मुद्रकाकडून जामीन मागू शके आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद नसे. लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दीत तो कायदा गेला. परंतु कोणता शब्द अपराधी, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविण्याची वृत्ती गेली नाही.

इंटरनेटच्या युगात स्वतंत्र भारतातही ती पुन्हा प्रकटली. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात संसदेने डिसेंबर २००८ मध्ये दुरुस्ती केली आणि ६६-अ हे कलम आले. संगणकावरून वा मोबाईलवरून अत्यंत आक्षेपार्ह मजकूर पाठविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद! आक्षेपार्ह कशास म्हणावे, याची व्याख्या मात्र कायद्यात नव्हती. ती पोलीस ठाण्यातच व्हावयाची होती.

ती कशी झाली, हे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघरने दाखविले. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे निवर्तले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. हा बंद कशासाठी, असे एका तरुणीने फेसबुकवर विचारले. तिच्या मैत्रिणीने त्यास पसंती दर्शविली. जमावाने पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली, आणि पोलिसांनी या दोघींना अटक केली. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. मुलींवरील खटला उभा राहिला नाही.

२४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. येथे प्रकरण संपावयास हवे होते. तथापि २०२१ च्या जुलैत त्याच न्यायालयापुढे आले की, ठाण्यांतून त्याच कलमाखाली गुन्हे नोंदले जातच आहेत! ॲटर्नी जनरलांनी दिलेले कारण मननीय आहे : कायद्याच्या छापील प्रतीत कलम जसेच्या तसे होते, ते रद्द झाल्याचा उल्लेख केवळ तळटीपेत होता. अखेर केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांस पत्र धाडावे लागले, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला.

आमचे बहुसंख्य वाचक परप्रांतांत सरकारी सेवेत आहेत. कायद्याचे पुस्तक त्यांच्या टेबलावर रोज असते. नागरिकाचे स्वातंत्र्य घटनेत लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात ते कधी कधी तळटीपेवर अवलंबून असते. आणि तळटीप वाचण्याइतकी सवड अधिकाऱ्याने काढली नाही, तर एखाद्या निरपराध्याची रात्र कोठडीत जाते, एवढेच आम्हांस नमूद करावयाचे आहे.