दानलेखांची मांडणी : दाता, देयधर्म आणि नोंद

महाराष्ट्रातील बौद्ध लेण्यांत कोरलेले बहुसंख्य प्राचीन लेख हे दानाचे लेख आहेत. कोणी लेणे दिले, कोणी एक गर्भ म्हणजे खोली दिली, कोणी पोढी म्हणजे पाण्याचे टाके, तर कोणी केवळ एक स्तंभ. ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडले तेही अशाच लेखांमुळे. सांचीच्या कठड्यावरील लहान लहान लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात, हे जेम्स प्रिन्सेप याच्या १८३७ मध्ये ध्यानात आले. ती अक्षरे 'दानं' अशी असावीत असा त्याने तर्क केला आणि पुढील वाचनाची वाट मोकळी झाली.

हे लेख आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांचा लेणी-लेखांचा संग्रह १८८१ चा, ल्यूडर्स यांची सूची १९१२ ची. कार्ले आणि नाशिक येथील लेखांचे सेनार यांनी केलेले संपादनही अभ्यासकांना परिचित आहे. वाचन बहुतांशी झालेले आहे. मोजणीचे काम मात्र तितक्या काळजीने झालेले नाही. लेणी राजांनी खोदविली, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. याचे उत्तर वादाने नव्हे तर गणनेने द्यावे, या हेतूने आम्ही हे लेख संगणकावरील तक्त्यांत भरावयास घेतले.

प्रथम आम्ही एक साधा तक्ता केला. प्रत्येक लेखाला एक ओळ. स्थळ, दाता, दान आणि व्यवसाय असे रकाने. हा तक्ता सोयीचा होता आणि चुकीचाही. रायगड जिल्ह्यातील कुडे येथील एका लेखाने ती चूक आमच्या पदरात घातली. लेखक शिवभूती याचा धाकटा भाऊ शिवम याने पत्नी विजया हिच्यासह लेणे दिले. शैलरूपकर्म, म्हणजे दगडातील मूर्तिकाम, मुलांचे : सुलसदत, शिवपालित, शिवदत आणि सपिल. स्तंभ मुलींचे : सपा, शिवपालिता, शिवदता आणि सुलसदता. आमच्या तक्त्यात या लेखाची ओळ एक आणि दाता एक, शिवम. प्रत्यक्षात दाते दहा, त्यांपैकी पाच स्त्रिया. ज्या तक्त्याच्या आधारे आम्ही स्त्रियांचे दातृत्व सिद्ध करू पाहत होतो, त्याच तक्त्याने पाच उपासिका पुसून टाकल्या होत्या.

एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० मध्ये माहितीसाठ्याची जी रीत मांडली, तिचे सार असे की, प्रत्येक प्रकारच्या वस्तूला स्वतंत्र तक्ता असावा आणि तक्त्यांमधील संबंध ओळखक्रमांकांनी जोडावेत. त्यानुसार आम्ही लेख, व्यक्ती आणि देयधर्म असे तीन तक्ते वेगळे केले आणि चौथा तक्ता 'दातृत्व' या नावाने केला. त्यात फक्त एवढेच : या क्रमांकाच्या व्यक्तीने त्या क्रमांकाचे देयधर्म दिले. अनेक दात्यांचे एक दान आणि एका दात्याची अनेक दाने, दोन्ही त्यात बसतात. आता पृच्छा अशी होते : स्त्री असलेल्या व्यक्ती घ्या, दातृत्वाच्या तक्त्याशी जोडा, स्थळानुसार गट पाडा आणि प्रत्येक गटातील भिन्न ओळखक्रमांक मोजा. 'भिन्न' हा शब्द गाळला तर दोन दाने देणारी एकच स्त्री दोनदा मोजली जाते. ओळखक्रमांकाऐवजी नाव वापरता येणार नाही, हेही कुडे येथेच कळते. तेथे शिवदत भाऊ आहे आणि शिवदता बहीण. ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष झाले की दोघांचा एक दाता होतो.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील पुष्कळ दाते धेनुकाकट या गावचे आहेत. त्यांत गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिहदत आहे, वढकी म्हणजे सुतार सामि आहे, यवन आहेत. वेदिकेचे दान देणारी कोडी ही भिक्षुणी आहे आणि लेख तिची ओळख घुणिकाची माता अशी देतो. अनेकांचा व्यवसाय मात्र लेखात सांगितलेलाच नाही. तेथे रकाना रिकामा ठेवावा लागतो, आणि रिकामा रकाना फसवा असतो. 'व्यापारी नसलेले दाते दाखवा' असे विचारले की यंत्र ज्यांचा व्यवसाय अनुक्त आहे त्यांना वगळते; कारण ते व्यापारी आहेत की नाहीत हे त्याला ठाऊक नसते. न सांगितलेले आणि नसलेले यांत भेद आहे. 'अनुक्त किती' ही पृच्छा आम्ही प्रत्येक वेळी वेगळी चालवितो.

पैशाच्या दानाची नोंद अधिक कठीण आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील (लोकांनी ती पांडवांच्या नावावर घातली, त्यास इलाज नाही) दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे. तो हिशेबाचा नमुना मानावा इतका नेटका आहे. संघाला ३००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज भोगावयाचे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २०००, दरमहा दरशेकडा एक पडिक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, पाऊण पडिक व्याजाने. लेखातील शब्द 'पायून' असा आहे. आपला 'पाऊण' त्याचाच वंशज.

ही माहिती भरून आम्ही दानाच्या तक्त्याला ठेवींचा तक्ता जोडला आणि दानाच्या रकमेची बेरीज मागितली. उत्तर आले ६०००. यंत्र चुकले नव्हते. दानाची एक ओळ ठेवींच्या दोन ओळींशी जोडली गेली, त्यामुळे ३००० हा आकडा दोनदा आला आणि दोनदा मिळविला गेला. ठेवींची बेरीज आधी स्वतंत्र करून मग ती दानाशी ताडावी, हा त्यावरचा उपाय. आजच्या विहाराच्या दानवहीत एका देणगीचा विनियोग दोन कामांवर झाला असेल आणि ती वही संगणकावर चढविली जात असेल, तर नेमकी हीच चूक तेथेही होईल. कागदावर बेरीज करणारा कोषाध्यक्ष ती सहसा करीत नाही.

लेखाची स्वतःची बेरीज मात्र जुळते. २००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरमूल्य, म्हणजेही २४०. उरलेल्या १००० चे वर्षाचे व्याज ९०; ते 'कुशणमूल' म्हणून, म्हणजे चीवराखेरीजच्या खर्चासाठी. हे सर्व निगमसभेत ऐकविले आणि रीतीप्रमाणे 'फलकवारे' नोंदविले, असेही लेख सांगतो. दगडावरचा लेख ही मूळ नोंद नव्हेच. ती नगराच्या दप्तरात होती आणि लेण्यात तिची जाहीर प्रत आहे. दान मोठ्याने वाचून दाखविणे आणि दप्तरी लावणे या दोन्ही गोष्टी राजाच्या जावयालाही कराव्या लागत होत्या.

याच लेखाच्या शेवटी आणखी एक नोंद आहे आणि ती आपल्या वाचकांपासून लपवून ठेवणे योग्य नाही. उषवदाताने ७०,००० कार्षापण, म्हणजे पस्तीसास एक या दराने २००० सुवर्ण, देवांना आणि ब्राह्मणांना दिले. लेख बौद्ध विहारातला म्हणून आम्ही ही रक्कमही संघाच्या खाती धरली होती. ती धरली की एका माणसाच्या दानापुढे सुतार, गंधिक आणि भिक्षुणी यांची दाने नगण्य वाटू लागतात. 'प्रतिग्राहक' हा रकाना त्यानंतर तक्त्यात आला आणि ती रक्कम संघाच्या बेरजेतून निघाली.

नाशिकलाच आभीर राजा ईश्वरसेन याच्या वर्ष ९ मधील लेखात उपासिका विष्णुदत्ता आहे. आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी तिने कुलरिक, ओदयंत्रिक आणि तिलपिषक म्हणजे तेली यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. लेख तिला शक अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिलाची पत्नी आणि गणपक विश्ववर्म्याची माता म्हणतो. नात्यांचा तक्ता वेगळा नसता तर हे तीन पुरुषही दाते म्हणून मोजले गेले असते.

एक गाठ अद्याप सुटलेली नाही. कार्ल्याच्या एकाच स्तंभावर सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय भाणक सातिमिताचे दोन लेख आहेत आणि दुसऱ्यात स्तंभ 'ससरीरो' म्हणजे धातूसहित दिल्याचे म्हटले आहे. ही एका दानाची दोनदा झालेली नोंद, की आधी स्तंभ आणि नंतर धातू अशी दोन दाने? तूर्त आम्ही व्यक्ती एक, लेख दोन आणि देयधर्म एक असे धरले असून, देयधर्माच्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह ठेवले आहे.