चिंचेने धुतलेले नाणे

इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगावजवळ प्रतापगड आहे. तिथे महादेवाचे मंदिर आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. माझे अब्बा त्या यात्रेत बांगड्यांचे दुकान लावीत. एका वर्षी गल्ल्यातल्या खुर्द्यात त्यांना एक हिरवे पडलेले, झिजलेले तांब्याचे नाणे सापडले. ‘‘तू इतिहास शिकतोस ना? बघ बरं, कोणाचं आहे!’’ असे म्हणून त्यांनी ते माझ्या हातावर ठेवले.

मी तेव्हा बी.ए.ला होतो. दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स हिंदुस्थानच्या घशात जातात, ही रोमन लेखक प्लिनीची तक्रार नुकतीच वाचलेली. हिरव्या थराखाली डोक्यासारखा उंचवटा दिसला आणि मला तो थेट रोमचा सम्राटच वाटला. चिंच, मीठ आणि चुलीतली राख घेऊन मी ते घासले. नाणे तांब्याच्या गडव्यासारखे लख्ख झाले.

पुढे नागपुरात एका जाणकारांना ते दाखवले. त्यांनी ते तोलले, कड पाहिली, तिरप्या उजेडात भिंगाखाली फिरवले आणि म्हणाले, ‘‘अक्षरे होती की नाही, हेही आता सांगता येणार नाही.’’

मग त्यांनी मला समजावले. रोमन साम्राज्यातल्या अलेक्झांड्रिया, अँटिओक अशा पूर्वेकडच्या शहरांत स्थानिक नाणी पाडली जात. एका बाजूस सम्राटाचे मुख, दुसऱ्या बाजूस बहुधा तिथला देव, पक्षी किंवा देऊळ आणि भोवती बहुतेक वेळा ग्रीक अक्षरे. असे नाणे झिजले, तरी वजन, व्यास, मुखाची बाह्यरेषा आणि उरलेली दोन-तीन अक्षरे यांवरून पुष्कळदा ओळखता येते. पण आपल्याकडे सापडलेली रोमन नाणी मुख्यतः सोन्याचांदीची आहेत. विदर्भात सातवाहनांचे नाणे मिळण्याचा संभव अधिक. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळा येथे १९३९ साली त्यांची सुमारे दीड हजार नाणी एकत्र मिळाली होती.

जुन्या नाण्याच्या पृष्ठभागाला एवढी किंमत का? नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचे उदाहरण पाहा. १९०६ साली तिथे नहपान या क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांवर राजाचे मुख आणि भोवती ग्रीक अक्षरे. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. नव्या छापाखालून जुन्या राजाचा चेहरा आणि अक्षरे अर्धवट डोकावत होती. त्या पुसट रेघांनीच सांगितले की, नहपानाचा खजिना सातवाहनांच्या हाती आला. कोणी ती नाणी उजळून विकायला घासली असती, तर हा पुरावाच गेला असता.

म्हणून सांगतो, हिरवा किंवा काळपट थर म्हणजे नुसता मळ नव्हे. बहुधा तोच नाण्याचे रक्षण करतो. माती सुटावी म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यात ते काही दिवस भिजू द्यावे, पाणी बदलत राहावे. मग मऊ कुंचला किंवा बांबूची काडी भिंगाखाली हलक्या हाताने फिरवावी आणि थराला धक्का लागतोय असे वाटताच थांबावे. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर तो धातूचा रोग असतो. नाणे कोरडे ठेवून संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवावे. आणि जमिनीत पुरलेला ठेवा सापडला, तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे.

अब्बा आता नाहीत. ते नाणे माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याच्यावर पुन्हा काळसर छटा चढली आहे, पण अक्षर एकही नाही. ‘‘कोणाचं आहे?’’ या त्यांच्या साध्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.