राखेच्या भिंती

ठाकुर्लीच्या जुन्या रहिवाशांना ‘चोळा पॉवर हाऊस’ म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही. जीआयपी रेल्वेचे हे वीजघर १९२९ साली सुरू झाले. बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. आता घाट चढून पुण्यापर्यंत वीज न्यायची होती आणि त्यासाठी रेल्वेला घरची वीज हवी होती. पुढे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ठाकुर्लीत कोळसा जळत राहिला. रेल्वेच्या इतिहासात या वीजघराला मानाचे पान मिळते, पण त्याच्या राखेबद्दल कोणी लिहीत नाही. आपल्याकडच्या वीजकेंद्रांच्या कोळशात साधारण तीस ते चाळीस टक्के राख असते. तीन वाघिणी कोळसा जाळला की वाघीणभर राख उरते.

याच वर्षांत डोंबिवली वाढली, ती लाल विटेवर. कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड तालुक्यांत भातकापणी आटोपली की शेतातली माती उचलली जाई आणि वीटभट्ट्या लागत. कातकरी कुटुंबे मालकाकडून उचल घेऊन भट्टीवर जात, ती पावसाच्या तोंडावर परतत. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच मालकाकडे. वेठबिगारीविरुद्ध १९७६ साली कायदा झाला आणि १९८०च्या दशकात वसई-भिवंडी भागात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या मुक्तीचा लढा दिला, तेव्हा शहराला आपल्या भिंतींचा हा भाग थोडाफार दिसला.

राखेचा बांधकामाला उपयोग होतो हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते, असे मात्र नाही. आपले जुने गवंडी चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, कालवत. रोमन लोक व्हेसुव्हियसजवळच्या पोझ्झुओलीची ज्वालामुखीची राख चुन्यात घालत. दोन्हींची करणी एकच: भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी हळूहळू संयोग पावते आणि पाण्यातही टिकणारा बंध तयार होतो. कोळशाच्या धुराबरोबर उडणारी बारीक राख याच जातीची. कॅलिफोर्नियात रेमंड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली ते प्रयोगांनी दाखवले. मोंटाना राज्यातले हंग्री हॉर्स धरण १९५३ साली पुरे झाले. त्यात लाखाहून अधिक टन राख गेली. आपल्याकडे या राखेचे भारतीय मानक १९६६ साली निघाले. ज्ञान होते, अडचण हिशेबाची होती. शेतातली माती जवळजवळ फुकट आणि ती थापणारे हात त्याहून स्वस्त, तेव्हा राखेला कोण विचारतो?

हिशेब बदलला तो कायद्याने. १४ सप्टेंबर १९९९च्या केंद्रीय अधिसूचनेने औष्णिक वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटांत निदान २५ टक्के राख घालण्याची सक्ती केली. २००३ साली हे अंतर १०० किलोमीटर झाले आणि डहाणूच्या केंद्राचे वर्तुळ कल्याणपर्यंत आले. २०१६ साली ते ३०० झाले, तेव्हा नाशिकजवळचे एकलहरेही त्यात आले. त्याच वर्षी महाराष्ट्राने राखेच्या वापराचे स्वतंत्र धोरण आखले.

आज घोडबंदर रस्त्यावर किंवा डोंबिवलीत नव्या इमारतीपाशी उभे राहा; करड्या-पांढऱ्या ठोकळ्यांची थप्पी दिसेल. गवंडी त्याला ‘सिपोरेक्स’ म्हणतो. हे मुळात एका स्वीडिश उत्पादनाचे नाव. १९७०च्या दशकात ते पुण्याच्या बी. जी. शिर्के यांच्या उद्योगामुळे इथे आले आणि पुढे अशा सगळ्याच ठोकळ्यांना चिकटले. राख, चुना, सिमेंट आणि चिमूटभर ॲल्युमिनियमची भुकटी यांचे मिश्रण इडलीच्या पिठासारखे फुगते, मग ते दाबाखालच्या वाफेत शिजवतात. वजन विटेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतके, म्हणून उंच इमारतींना सोयीचे. (तसबिरीसाठी खिळा ठोकला की भुगा गळतो, हा माझा घरगुती अनुभव.) शिवाय हल्लीच्या पॉझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असतेच. तेव्हा आपल्यापैकी बरेच जण राखेच्या घरात राहतात.

भातशेतीची माती यामुळे काही प्रमाणात वाचली, हे मान्य केलेच पाहिजे. पण ठाकुर्लीचा कोळसा निदान आपल्या डोळ्यांसमोर जळत होता. आता आपली वीज चंद्रपूर-कोराडीकडूनही येते आणि तिथली सगळी राख भिंतींत जात नाही. जुलै २०२२मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख तलावाचा बांध फुटला, तेव्हा ती आसपासच्या शेतांत आणि नाल्यांत शिरली. इकडे अधिसूचनेत माती आहे, राख आहे, अंतरे आहेत. वीट थापणाऱ्याचे काय, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहिला. कारखान्यातल्या ठोकळ्याला थापणारा लागत नाही. भट्ट्या मात्र बंद झालेल्या नाहीत. या अंकाची पाने आपण चाळत असू, तेव्हा भिवंडी-शहापूरकडच्या पाड्यांवर नव्या हंगामाची उचल ठरत असेल.